पोपटी रंगाखाली

तारखा प्रथम नमूद करतो, म्हणजे पुढे कोणाला स्मरणशक्तीचे निमित्त सांगता येणार नाही.

सन १९९४, खंडेनवमीचा आदला दिवस: वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात, टूलरूममधल्या टेबलावरच्या एका दिव्याला पोपटी रंग देण्यात आला. त्याच वर्षी दिवाळीच्या आधीचा आठवडा, दुसरी पाळी, दुपारचे साडेचार: त्या दिव्याचा झटका बसून एक डाय-फिटर, म्हणजे साचे जुळवणारा कारागीर, जागच्या जागी गेला. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला दिवस: चौकशीचा निष्कर्ष फाटकापाशी सर्व कामगारांसमोर वाचून दाखवण्यात आला. सन २००६, मे महिन्यातला एक रविवार: तोच दिवा माझ्या घराच्या गॅलरीत, माझ्या सुनेच्या मांडीवर उलटा ठेवलेला मला दिसला.

जबाबदार व्यक्ती तीन. पहिले, कारखान्याचे तत्कालीन व्यवस्थापक, ज्यांनी तो निष्कर्ष लिहिला. दुसरा, वीज-देखभालीचा ठेकेदार, जो वर्षातून एकदा येऊन चहा पीत असे आणि एकाही दिव्याला हात न लावता सर्व दिवे सुस्थितीत असल्याचा दाखला देत असे. तिसरा मी.

मी त्या टूलरूममध्ये तपासनीस होतो. तयार झालेला साचा मापात आहे की नाही हे पाहणे आणि त्याखाली सही करणे, हे माझे काम. सहीची किंमत मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होती, अशी माझी समजूत होती. वसईत राहायला आल्यापासून मी पत्रे लिहीत आलो आहे: न आलेल्या टँकरबद्दल, झाकण नसलेल्या गटाराबद्दल, दिवसा जळणाऱ्या आणि अंधार पडताच विझणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याबद्दल. प्रत्येक पत्राची प्रत आणि पोचपावती माझ्या कपाटात आहे. आमच्या सोसायटीत मला पाठीमागे ‘अर्जदार’ म्हणतात, हे मला माहीत आहे. ज्या एका विषयावर बारा वर्षे मी एक ओळही लिहिली नाही, तो हा विषय.

टूलरूममध्ये प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा दिवा असे. बिडाचा जड तळ, दोन सांध्यांचा लोखंडी हात आणि पत्र्याची टोपी, आतून पांढऱ्या मुलाम्याची. वरचे छत उंच, तिथल्या विजेच्या नळ्यांचा उजेड कामापर्यंत पोहोचेपर्यंत दमून जाई. खरे काम या दिव्याखाली चाले. केसाएवढी फट दिसायची असेल तर दिवा ओढून अगदी कामावर आणावा लागे, म्हणून माणसाचा उजवा हात दिवसातून शंभरदा त्या टोपीकडे जाई. प्रत्येक दिव्याच्या तळाखाली कारखान्याच्या नावाची आणि क्रमांकाची पितळी पट्टी होती. जो डाय-फिटर गेला, त्याच्या दिव्याचा क्रमांक चौतीस.

तो जवळच्या जूचंद्र गावचा. वडील मिठागरावर राबलेले, हा आयटीआय करून फिटर झालेला. त्याच्या हाताला माप उपजत होते. मी मायक्रोमीटर लावण्याआधी तो आकडा सांगत असे आणि क्वचितच चुकत असे. गावाकडची रांगोळीची कला त्याच्या बोटांत होती. खंडेनवमीला तो मशीनभोवती रांगोळी काढी. फरशी तेलकट, रांगोळी धरत नसे, म्हणून आधी लाकडाचा भुसा चोळून तेल उचलायचा आणि मग त्यावर ठिपके मांडायचा. साहेब लोक पाहायला येत. तो मान वर करून बघतसुद्धा नसे.

आमच्या टूलरूमची खंडेनवमीची एक रीत होती. आपले हत्यार आपण रंगवायचे नाही, शेजाऱ्याने रंगवायचे. ही रीत कोणी पाडली ते ठाऊक नाही. पण वर्षभर ज्याच्याशी पान्यावरून, कानशीवरून, पंख्याच्या दिशेवरून भांडण झाले असेल, त्याच्याच टेबलाशी बसून ब्रश मारायचा, असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता. माझा दिवा तो रंगवी, त्याचा मी.

त्या वर्षी स्टोअरमधला राखाडी रंग संपला. फाटकाला लावून उरलेला पोपटी रंग एका डब्यात होता, जाड, साय धरलेला. तो मी घेतला. बाकीचे लोक वरवर ब्रश फिरवत, स्क्रूच्या कडेने वळसा घालत, तळाची पट्टी तशीच सोडत. मला अर्धवट काम खपत नाही. मी दिवा उलटा केला, तळाचा स्क्रू सोडला, त्याखाली दाबून बसवलेली अर्थिंगच्या वायरीची कडी बाजूला काढली, पॉलिशपेपरने घासले, दोन हात रंग दिला आणि वाळल्यासारखे वाटल्यावर कडी पुन्हा त्या रंगावरच ठेवून स्क्रू आवळला. पट्टीही रंगाखाली गेली. दिवा सगळीकडून एकसारखा दिसत होता आणि त्याचे मला समाधान वाटले होते.

वीज जाणणाऱ्याला यापुढे सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. आत कुठे वायर सोलवटून लोखंडाला टेकली, तर वीज त्या कडीवाटे जमिनीत उतरावी आणि फ्यूज उडावा, म्हणून ती कडी असते. कडी आणि लोखंड यांच्या मध्ये मी रंगाचा थर घातला होता. वाट बंद झाली होती.

सकाळी पूजेला तो आला तेव्हा रंग अजून ओला होता. त्याने हळदीकुंकवाची तीन बोटे टोपीवर टेकवली आणि ती चिकटली. बोटे सोडवली तर खाली रेघांसकट ठसा उमटलेला. तो हसला. म्हणाला, “बरा झाला. आता चोरला कोनी, त पोलिसांना ठसा गावंल.”

सगळे हसले. मीही.

पुढच्या तीन आठवड्यांत सांध्यातली वायर कधी सोलवटली, हे कोणालाच कळले नाही. त्या दुपारी त्याचा डावा हात शेजारच्या ड्रिलिंग मशीनवर होता आणि उजव्या हाताने त्याने दिवा जवळ ओढला. मी माझ्या टेबलावरून पाहत होतो. आवाज झाला नाही. तो दिव्याकडे कान लावून काहीतरी ऐकतो आहे असे मला दोन क्षण वाटले, आणि ते दोन क्षण मी जागेवर बसून राहिलो. मग कोणीतरी मेन स्विच पाडला आणि टूलरूममधला प्रत्येक दिवा एकदम गेला.

त्या दिवसापासून लोखंडाच्या कोणत्याही वस्तूला मी आधी बोटांच्या पाठीने स्पर्श करतो. नळ, खिडकीचा गज, देवळातली घंटा. झटका बसलाच तर मूठ वळते. हात पालथा असेल तर वस्तू सुटते. लोकांना वाटते मला काहीतरी रोग आहे.

चौकशीच्या दिवशी व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावले. दिवा टेबलावर होता. त्यांनी तो आडवा करून तळ माझ्याकडे वळवला.

“पट्टी दिसते का?”

मी नाही म्हणालो.

“मग तेवढंच लिहा. दिसतं ते लिहा. तुम्ही तर अचूक लिहिणारे.”

मी लिहिले: सदर दिव्याच्या तळाशी कारखान्याची पट्टी आढळून येत नाही. खाली सही केली. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. टोपीवरची तीन बोटे माझ्यापासून वीतभर अंतरावर होती, हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल त्या पोपटी रंगात सुकलेला. ठसा मला दिसला. ठशाविषयी मला कोणी विचारले नाही. कारखान्याच्या दिव्यांच्या नोंदवहीत चौतीस क्रमांक होता. ती वही चौकशीपुढे आली नाही आणि मी मागितली नाही. रंग मी दिला होता, म्हणून पट्टी दिसत नव्हती, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगले. उमगणे म्हणजे पुरावा नव्हे, असे मी स्वतःला समजावले. ती कडी मात्र मला तेव्हा आठवली नाही. आठवली नाही असे मी आजवर म्हणत आलो आहे. या ओळीत तेवढ्याच जोराने म्हणवत नाही.

निष्कर्ष असा निघाला की मृत कामगाराने परवानगीशिवाय बाहेरचा सदोष दिवा आणून वापरला. फाटकापाशी तो वाचला गेला तेव्हा त्याची बायको तिथे उभी होती. वाचन संपल्यावर गर्दीत कोणीतरी हलकेच म्हणाले की बाहेरचा म्हणजे कुठला, कुठल्या तरी गाळ्यातून उचलला असेल. संध्याकाळपर्यंत ते जूचंद्रला पोहोचले होते. हाताला माप असलेला माणूस तीन तासांत दिवेचोर झाला.

ती माझ्यापाशी आली. मी त्याचा शेजारी, म्हणून मला भाऊ म्हणत असे.

“आमच्या घरान टेबल नाय, भाऊ,” ती म्हणाली. “टेबलाचा दिवा कशाला आनतील ते?”

एवढा सरळ युक्तिवाद मी कोणत्याही निकालपत्रात वाचलेला नाही. मी तिला म्हणालो की वहिनी, मी बघतो. बघतो म्हणणारा माणूस काय करतो, हे मी सरकारी कार्यालयांना चाळीस पत्रांतून सुनावले आहे.

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रे गेली, छपराचे पत्रे गेले, टूलरूमच्या जागी चार मजली इमारती आल्या. फाटक होते तिथे आता सोसायटीच्या रखवालदाराची केबिन आहे.

माझी सून घरे सजवण्याचे काम करते. कळंबच्या किनाऱ्याजवळ सुट्टीसाठी जी छोटी घरे बांधली जातात, त्यांचे आतले काम तिच्याकडे येते. सन २००६ मध्ये तिने मला विचारले की कारखान्यातले जुने टेबल-दिवे कुठे मिळतील. लोकांना ते हवे असतात, असे ती म्हणाली.

“कोणत्या लोकांना?” मी विचारले.

“ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांना, बाबा.”

आमचे सगळे भंगार कोणी उचलले ते मला ठाऊक होते. मी स्वतः तिला वसाहतीच्या मागच्या त्या भंगारवाल्याकडे घेऊन गेलो. तिथे जाण्याचे मी टाळू शकलो असतो. तिने ढिगातून सहा दिवे काढले, गंज आणि धूळ इतकी की सगळे एका रंगाचे दिसत होते. मी त्यांना बोटांच्या पाठीने स्पर्श केला. उलटे करून मात्र एकही पाहिला नाही.

तिचे काम मन लावून केलेले असते, हे मला मान्य केले पाहिजे. ती जुनी वायर पूर्ण काढून नवी घालते, वर कापडी वेष्टण असलेली. सांधे सोडवून तेल देते. रंग खरवडून लोखंड उघडे करते आणि त्यावर मेण चोळते, म्हणजे ते पावसाळी ढगासारखे दिसते. टोपीचा आतला पांढरा मुलामा तसाच ठेवते, टवके उडालेले असले तरी. पहिला तयार झालेला दिवा तिने आमच्या हॉलमध्ये, शिलाई मशीनच्या जुन्या पायांवर फणसाची फळी टाकून केलेल्या टेबलावर ठेवला आणि टोपी भिंतीकडे वळवली. मी म्हणालो की हा कामाचा दिवा आहे. भिंतीवर कोणते काम चालले आहे? ती म्हणाली की भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो, डोळ्यांत जात नाही. मी तिला सांगितले की उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडे दिवा हवा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली कामावर पडते. हे तिने वहीत लिहून घेतले. तिने ठेवलेले लिहिण्याच्या टेबलांवरचे दिवे आता डावीकडेच असतात. टूलरूममधली एवढी एक गोष्ट कळंबच्या त्या घरांत जिवंत आहे.

एक सांगायचे राहिले. तो दिवा लागला की आमचा हॉल लहान होई. नळीचा उजेड खोलीभर असतो, त्यात कोणी एकटे दिसत नाही. या दिव्याचा उजेड ताटाएवढा. त्या ताटात जे येईल ते साक्षीदारासारखे उभे राही. पेपर उचलायला मी हात घातला की तो हात माझा वाटत नसे. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मी खाली फिरायला जाऊ लागलो.

मग तो मे महिन्यातला रविवार. ती गॅलरीत बसून सहावा दिवा साफ करत होती. धुळीखालून पोपटी रंग निघाला होता. मी दारात थांबलो.

“बाबा, हे बघा,” ती म्हणाली. “कोणाची तरी बोटं आहेत. हळदीकुंकू लावलेलं दिसतंय. हा एवढा तुकडा ठेवू का? असं काही असलं की लोकांना फार आवडतं.”

तिच्या हातात खरवडणी होती. मी तो दिवा तिच्या मांडीवरून उचलला. पहिल्यांदा, बारा वर्षांत, मी लोखंड थेट तळहाताने धरले.

आत जाऊन मी दार लावले. तळाचा रंग मी स्वतः खरवडला, नखाएवढा नखाएवढा. आधी पितळ निघाले. मग कारखान्याचे नाव. मग तीन आणि चार. नंतर मी स्क्रू सोडला. कडीखाली पोपटी रंग तसाच होता, गुळगुळीत, दोन हात दिलेला, कुठेही लोखंड न दिसणारा. मी केलेल्या कामांपैकी ते सर्वांत नीटनेटके काम होते.

तेव्हा परिस्थिती अशी होती, आणि आजही अशीच आहे. हा दिवा कारखान्याचा होता, त्याने बाहेरून आणलेला नव्हता, हे सिद्ध करणारी एकमेव वस्तू माझ्या हातात आहे. आणि त्याच वस्तूच्या तळाशी, दोन बोटांच्या अंतरावर, माझा गुन्हा आहे. पट्टी दाखवायची तर स्क्रू झाकता येत नाही. सुनेला मी सर्व सांगितले. तिने खरवडणी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाली की हा दिवा ती विकणार नाही, पण घरातही नको. हॉलमधला दिवाही तिने दुसऱ्या दिवशी नेला.

मी दिवा पिशवीत घालून जूचंद्रला गेलो. वहिनी आता थकली आहे. अंगणात सारवलेल्या जागेवर कोणीतरी रांगोळीचे ठिपके मांडलेले होते, ते मी ओलांडले नाहीत, कडेने गेलो. तिने ठसा ओळखला. त्यावर स्वतःची बोटे ठेवली नाहीत. वर हवेत धरून माप घेतल्यासारखे केले आणि हात मागे घेतला. मी पट्टी दाखवली. मग स्क्रू दाखवला आणि रंग कोणी दिला ते सांगितले. भाषण तयार करून नेले होते, त्यातले मुद्दे क्रमाने मांडले.

तिने सगळे ऐकले. मग विचारले की हे तेव्हा का नाही बोलला. मुद्द्यांचा कागद मी घडी करून खिशात ठेवला. क्षमेचा शब्द मी उच्चारला असावा, कारण ती म्हणाली, “माज्यासमोर बोलून काय, भाऊ? माना ठावं हाय, ते चोर नव्हते. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोर बोला.”

भरपाईचा शब्द तिने काढला नाही. मीही या लिखाणात काढत नाही. तिची मागणी एवढीच आहे, आणि मी पाहिलेल्या सर्व मागण्यांमध्ये तिच्याइतकी कायदेशीर दुसरी नाही: जे चारचौघांत लादले, ते चारचौघांत उतरवा.

त्यानंतर मी तत्कालीन व्यवस्थापकांना सात पत्रे लिहिली, सर्व नोंदणीकृत. ते वसई पश्चिमेलाच राहतात, सभासमारंभांत पुढच्या खुर्चीवर दिसतात. पहिल्या दोन पत्रांची पोचपावती आली, उत्तर नाही. पुढची पाच ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आली. एकदा बाजारात, केळीवाल्यापाशी, मी त्यांना गाठले. त्यांनी मला ओळखले. म्हणाले की जुन्या गोष्टी उकरून त्या बाईलाच त्रास होईल, आणि लेखी म्हणाल तर कागदावर सही तुमची आहे. खरे आहे. ती माझीच आहे. ठेकेदार हयात नाही. त्याचा हिशेब मी या कागदापलीकडे नेऊ शकत नाही.

दिवा सध्या माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे, डावीकडे. त्यात बल्ब नाही, वायर नाही. मी नळीच्या उजेडात लिहितो. परंतु सूर्य खाली उतरला की खिडकीतून एक तिरीप येते आणि बरोबर टोपीत शिरते. आतला पांढरा मुलामा पेटतो. ताटाएवढा उजेड कागदावर पडतो, माझ्या हातावर पडतो. दहा मिनिटे, कधी बारा. त्या वेळात मी लिहिणे थांबवतो. समोरच्या बाजूने कोणीतरी आकडा सांगेल, असे मला वाटत राहते.

आमच्या कारखान्यातले जे सोळा-सतरा जण उरले आहेत, ते दर खंडेनवमीला जूचंद्रच्या देवळाखालच्या पटांगणात जमतात. प्रत्येकजण घरी असलेले एखादे हत्यार आणतो, कोणी कानस, कोणी हातोडी. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हत्याराला हळदीकुंकू लावायचे, एवढी रीत शिल्लक आहे. फाटकापाशी त्या दिवशी उभे असलेले, निष्कर्ष कानांनी ऐकलेले, हेच लोक. येत्या खंडेनवमीला सकाळी दहा वाजता मी तिथे दिवा क्रमांक चौतीस मांडणार आहे, तळ वर करून, पट्टी आणि स्क्रू दोन्ही दिसतील असा. माझे निवेदन मी प्रथम वाचेन. त्यात मी रंगाबद्दल सांगेन, कडीबद्दल सांगेन, आणि जो ठसा मला दिसला व जो मी लिहिला नाही त्याबद्दल सांगेन. वहिनी पुढच्या रांगेत असेल.

तत्कालीन व्यवस्थापक महोदय, माझ्यानंतर तुमची पाळी आहे. आठवे पत्र मी पाठवणार नाही. हेच ते समजावे. तुम्ही त्या दिवशी फाटकापाशी ज्या आवाजात निष्कर्ष वाचलात, त्याच आवाजात, त्याच लोकांसमोर, तिच्या देखत एका प्रश्नाचे उत्तर द्या: हा दिवा कोणाचा होता?